पावकी

मे महिन्यात विष्णुपुरीची हवा
इतकी कोरडी की ओठ फुटतात.
आमच्या पोलादी भांड्याला मात्र हेच दिवस मानवतात.
पावसाळ्यात त्याच्या आतल्या भिंतींना पाणी धरून बसतं,
न दिसणारं, हट्टी,
आणि पंप रात्रभर धापा टाकतो.
आता दोन तासांत आत काही उरत नाही.

पण पंप गार ठेवायला पाणी लागतं,
आणि ते टँकरनं येतं.
पाणी हाकलणारं यंत्र
पाण्यावाचून चालत नाही,
हे प्रबंधात कुठल्या प्रकरणात लिहू?

टाकी भरतात मुनीरोद्दीन चाचा, बादलीनं.
परभणीचे. पूर्वी विहिरींवरचे पंप बांधायचे.
"वो पानी खींचते थे," म्हणतात,
"ये तो खाली जगह खींचता, बेटी."

मग मी वाफ सोडते,
सुईच्या नेढ्याएवढ्या झडपेतून, सांभाळून.
बटण दाबलं की
खिडकीआड जांभळट उजेड उभा राहतो.
ज्योत नाही, धूर नाही.
आत रेणू तुटत असतात
आणि तुटलेले काचेवर येऊन
जो हाताला लागेल त्याला धरतात.
पुस्तकातल्यासारखी माळ होत नाही त्यांची,
बाभळीच्या फेसाटीसारखे
एकमेकांत अडकून घट्ट बसतात.

एक थर घट्ट, एक विरळ.
पुन्हा घट्ट, पुन्हा विरळ. असे एकवीस.
हिरवा उजेड आल्या पावली परत फिरवायचा,
बाकीचे रंग जाऊ द्यायचे.

"कितना मोटा?" चाचांनी विचारलं.
हिरव्या लहरीचा पाव भाग, म्हटलं, दर थराला.
त्यांचे डोळे चमकले.
पाथरीच्या शाळेत
लोखंडे गुरुजींनी छडीवर पाठ करून घेतलेली पावकी
पंपाच्या ठेक्यावर त्यांनी म्हणून दाखवली:
एक पाव पाव, दोन पाव अर्धा,
तीन पाव पाऊण, चार पाव एक.
मी सव्वीस वर्षांची, मला ती येत नव्हती.

सहाव्या थराला काचेवर
करडईच्या तेलाचा तवंग आला.
नवव्याला तो हिरव्याकडे वळला.
अकराव्याला वीज गेली.

उजेड आतल्या आत विझला.
अंधारात आधी चाचांचा हात मोठ्या झडपेवर गेला,
नाहीतर पंपाचं तेल उलटं चढून
सगळं नासलं असतं.
मग आम्ही जिन्यात बसून राहिलो,
विद्यापीठभर जनरेटर
एकेक करून खाकरत उठले,
आमच्या इमारतीचा सोडून.

दोन तास दहा मिनिटं.
वीज आली तेव्हा जाडी मोजणारा मापक शून्यावर,
आणि वहीत वेळ लिहायची राहिलेली.
"पूरा होने को आया था," चाचा म्हणाले.
मला वाटलं, नुकता तर सुरू झाला होता.
पंपवाल्याचं काय ऐकायचं?
मी अकरावा पुन्हा घातला, सबंध,
आणि वरचे दहा.

सकाळी आलेख काढला.
हिरवं अडवणारी भिंत सरळ उभी होती,
आणि तिच्या बरोबर मधोमध
सुईसारखा उंच एक सुळका,
नेमक्या त्याच हिरव्याला वाट देणारा.
बिडवई सर फोनवर म्हणाले, फेकून दे, नवीन कर.
चाचा हसले,
"बनी तो बनी, नहीं तो परभणी,"
आणि परभणीवाल्यानंच ते म्हटल्यावर
मलाही हसू आलं.

तरी जाता जाता लेझर लावून बघितला.
परत फिरायचा तो हिरवा ठिपका
काच ओलांडून सरळ गेला
आणि चाचांच्या सदऱ्यावर,
खिशातल्या पेनाच्या वर बसला.
त्यांनी किडा समजून तो झटकला.
पुन्हा झटकला.

काच मी फेकली नाही.
डबीवर लिहिलंय:
अकरावा थर दोनदा.
त्याखाली, दुसऱ्या शाईनं,
दोन पाव अर्धा.